मनगट धरणारा हिरो

मी रक्त काढते. बारामतीच्या एका लॅबमध्ये गेली बारा वर्षं माझं हेच काम आहे. माणूस समोर खुर्चीत बसला की मी म्हणते, "हात द्या." तो देतो. मग पट्टा बांधते, शीर चाचपते, "टोचू का?" म्हणते आणि त्यानं मान हलवेपर्यंत सुई हातात धरून थांबते. पेशंट घाबरलेला असला तर जास्त वेळ थांबते. न विचारता मी आजवर कुणाचा हात धरलेला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण हीच मी दुपारी डबा खाताना कोरियन सिरीयलमधल्या हिरोनं हिरॉईनचं मनगट खसकन धरलं, तिला चारचौघांतून ओढत बाहेर नेलं, की "आई गं!" म्हणून छातीवर हात ठेवायचे.

लॅबमध्ये आम्ही तिघी. काउंटरवर पावत्या फाडणाऱ्या मॅडम, पन्नाशीच्या, खास बारामती शहरातल्या. मधली मी, निमगाव केतकीहून रोज एसटीनं येणारी. आणि धाकटी, बावीस वर्षांची, कळंबची. तिच्या वडिलांची डाळिंबाची बाग आणि ढोबळी मिरचीचं शेडनेट आहे. धाकटीनं बी. एस्सी. केलं होतं, लॅबचा डिप्लोमा करायचा म्हणून आमच्याकडे हात बसवत होती. सिरीयलींचं खूळ तिनंच आणलं. हिंदीत डब केलेल्या असतात, त्यामुळे भाषेचं काही अडत नाही. पेशंटची गर्दी सरली की आम्ही मशीनच्या खोलीत डबे उघडायचो आणि तिचा मोबाईल रक्ताच्या नळ्या फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजला टेकवून उभा करायचो.

आवडीनिवडी ठरलेल्या होत्या. मॅडमना श्रीमंत घरचा हिरो लागायचा. सुरुवातीला सगळ्यांवर खेकसणारा, हिरॉईनला "तू कोण आहेस?" म्हणणारा, आणि नवव्या-दहाव्या भागात तिच्या दारापुढे बर्फात उभा राहणारा. "असा पुरुष एकदा विरघळला ना, की जन्माचा आपला होतो," असं त्या म्हणायच्या. धाकटीला दुसरा हिरो आवडायचा. प्रत्येक सिरीयलीत तो असतोच. हिरॉईन आजारी पडली की औषध आणून दाराला अडकवतो, "मी येऊ का?" असं विचारतो, ती नाही म्हणाली तर परत जातो. शेवटच्या भागात विमानतळावर एकटा उभा. धाकटी चिडायची. "ताई, ह्यानं काय घोडं मारलंय? विचारतो म्हणून हरतो का?"

"मेंगळट असतो तो," मॅडम म्हणायच्या.

आणि मी मॅडमच्या बाजूची होते.

नुसती बाजूची नव्हे. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, धाकटीही त्यात होती. बारामती, इंदापूर, दौंड इकडच्या साठ-सत्तर बायका आणि मुली, सगळ्या कोरियन सिरीयलींच्या वेड्या. कुठल्या बँकेतल्या, कुठल्या शाळेतल्या, काही घरीच असणाऱ्या. तिथे एकदा कुणीतरी मत मागवलं: मनगट धरून नेणारा हिरो की परवानगी मागणारा? मी तीन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून टाकला. काय बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं आणि आठवलं की कान गरम होतात. "बाईला तोंडानं नाही म्हणायची सवय लावलेली असते. तिच्या मनातलं ओळखून हक्कानं हात धरणारा कुणीतरी हवाच असतो. विचारत बसणाऱ्याला कसलं आलंय प्रेम?" बदामांचा पाऊस पडला. एकीनं लिहिलं, "ताई, अगदी मनातलं बोललात." मी दोन दिवस तरंगत होते. छत्तीस वर्षांची, लग्न मोडलेली, दिवसाला साठ-सत्तर दंड चाचपणारी बाई, आणि मला प्रेमातलं कळतं म्हणून लोक मान डोलावत होते.

त्याच सुमारास एक माणूस लॅबमध्ये यायला लागला. त्याच्या आईला शुगर होती, दर पंधरा दिवसांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची अशी दोनदा तपासणी. आईला आणायचा, थांबायचा. सव्वीस-सत्तावीसचा, घरचं ट्रॅक्टरचं शोरूम, पांढरी मोठी गाडी, अंगाला सेंटचा घमघमाट. धाकटीनं त्याच्या आईचं रक्त काढलं. बाईंना दुखलं नाही. त्या खूश झाल्या. तोही झाला.

मग तो आईशिवायही यायला लागला. आत यायचा नाही, गेटाबाहेर गाडीला टेकून उभा राहायचा. धाकटी एसटी स्टँडकडे चालत निघाली की गाडी मागोमाग, पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं. मॅडमना काचेतून दिसायचं. "आला गं तुझा हिरो," त्या म्हणायच्या. मीही हसायचे. एकदा भर उन्हात दोन तास उभा होता, तर मी म्हणाले, "बिचाऱ्याला पाणी तरी नेऊन दे."

धाकटी म्हणाली, "मला न्हाय आवडत त्यो."

"सुरुवातीला कुणालाच आवडत नाही," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही.

डिप्लोमाच्या प्रवेशासाठी तिला दाखले हवे होते. एका मंगळवारी ती सुट्टी घेऊन इंदापूरला तहसीलला गेली. बुधवारी आली नाही. गुरुवारी आली ती पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून. एवढ्या उकाड्यात, आणि आमच्या कामात बाह्या कोपरापर्यंत वर असाव्या लागतात. मी बघितलं, पण सकाळची गर्दी होती, विसरून गेले.

वर्षातून एकदा आम्ही आमचंच रक्त तपासतो. सुया टोचणाऱ्यांना कावीळ वगैरे बघून घ्यावी लागते. दुपारी मी म्हणाले, "ये, तुझं उरकून टाकू." तिनं डावा हात पुढे केला. तिची उजव्या हाताची शीर दोरीसारखी आहे, डाव्याची सापडत नाही, हे मला माहीत होतं. "उजवा दे," मी म्हणाले. मग तिनंच हळूहळू उजवी बाही वर केली.

मनगटावर चार बोटं उमटली होती. निळीजांभळी, कडेला पिवळी पडायला लागलेली. आतल्या बाजूला अंगठा, नेमका नाडीवर. मी अशा खुणा रोज बघते, पण त्या सुईच्या असतात. ह्या माणसाच्या हाताच्या होत्या आणि तो हात केवढा आहे हे सुद्धा त्यावरून कळत होतं.

मी पट्टा खाली ठेवला. "कुणी?"

तिनं सांगितलं. इंदापूरच्या स्टँडवर ती दाखल्यांची फाईल घेऊन एसटीची वाट बघत होती. गाडी आली. तो उतरून म्हणाला, बस, कळंबला सोडतो. ती नको म्हणाली. त्याआधीही दोनदा तिनं त्याला सरळ सांगितलं होतं की मला तुमच्याशी बोलायचं नाही. त्यानं मनगट धरलं आणि ओढायला लागला. फाईल पडली, दाखले स्टँडच्या चिखलात. पंधरा-वीस पावलं त्यानं तिला तशी ओढत नेली. माणसं बघत होती. रसवंतीपाशी दोन कॉलेजच्या पोरी उभ्या होत्या, त्यातली एक हसून म्हणाली, "अय्या, कसला भारी!" आणि मोबाईल वर धरला. शेवटी एका कंडक्टरनं शिट्टी मारली. पुढे येऊन ओरडला, "ए, सोड तिला! आमचं पॅसेंजर हाय ते, गाडी सुटतीया." तिचं तिकीट नव्हतं, ती बसही कळंबची नव्हती. पण त्या माणसानं हात सोडला आणि ती पळत जाऊन त्या बसमध्ये चढली.

"ओरडली का नाहीस गं?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा. तिच्यावरच.

ती बाही खाली ओढत म्हणाली, "मला वाटलं, मलाच कळत नसंल. आतनं तर लय भ्या वाटत हुतं. पर तुमी त्या ग्रुपवर म्हनला हुता ना ताई, बाई तोंडानं न्हाय म्हनती म्हनून. मी म्हनलं, माझं बी तसंच असंल का?"

मला कुणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी बाहेर आले. मॅडमना सांगितलं. त्यांनी आधी "अरेरे" केलं. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "चुकलंच त्याचं. पण मी काय म्हणते, त्याचं खरंच मन आहे गं तिच्यावर. चार महिने उन्हातान्हात उभा राहतोय. घर केवढं! ह्या शेडनेटवाल्यांना असं स्थळ कुठं मिळणार?"

"मॅडम, मी एखाद्या पेशंटचा हात असा धरला तर?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"तू कामासाठी धरतेस. तो प्रेमानं."

मी टेबलावरचा पावत्यांचा गठ्ठा उचलून आपटला. बाहेर बसलेले लोक बघायला लागले. "प्रेमानं धरल्यावर रक्त साकळत नाही का?" मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या दिवसानंतर आमचे डबे एकत्र उघडले नाहीत.

माझा राग कुणावर होता ते मला धड सांगता यायचं नाही. त्या माणसावर तर होताच. पण तो माणूस चार महिने आमच्या डोळ्यांसमोर उभा होता आणि आम्ही दोघी मोठ्या बायका काचेतून बघत होतो, जसा काही पुढचा भाग लागलाय. ज्यांनी सात समुद्रांपलीकडे बसून हे लिहिलं, त्यांच्यावर होता. मी रात्रंदिवस ते प्रसंग डोळ्यांसमोर आणत राहिले. हिरो भिंतीशी दाबून ओठांवर ओठ टेकवतो तेव्हा ती बाई डोळे टक्क उघडे ठेवून, हात अंगाशी घट्ट धरून उभी असते. आम्ही म्हणायचो, "बघ बघ, लाजली!" माझ्या खुर्चीत बसलेला माणूस असा डोळे उघडे टाकून ताठ झाला, तर मी सुई बाजूला ठेवून त्याला आडवा करते. कारण आता तो चक्कर येऊन पडणार, हे मला कळतं. सिरीयलीत मात्र कळत नव्हतं. एवढ्या वर्षांचं हाताला आलेलं शहाणपण मी डब्याच्या झाकणाबरोबर बाजूला काढून ठेवत होते.

शुक्रवारी धाकटीचा फोन आला. "ताई, तात्यांनी मनगट बगितलं. म्हनत्यात आता घरी बस."

रविवारी सकाळी मी कळंब गाठलं. निघताना आई विहारात वंदनेला चालली होती. तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "जातीस तर नीट बोल. पोरीच्या बापावर वरडू नगंस. त्यो बी भ्यालेला असंल." मी हो म्हणाले, पण बसमध्ये बसल्यापासून दात आवळलेलेच होते.

धाकटीचे वडील, तात्या, अंगणात क्रेटमध्ये डाळिंबं भरत होते. मला बसायला खुर्ची दिली, स्वतः क्रेटपाशीच उकिडवे बसले. चहा झाला. मी विषय काढला.

"बाई, तुमी शिकल्याल्या," ते म्हणाले. "पर पोरीला भायेर धाडली की ह्ये असं हुतंय. घरात ऱ्हायली तर कोन हात लावंल?"

"तात्या, ज्यानं हात धरला त्यो गाडीत फिरतोय. जिचा धरला तिनं घरात बसायचं. तिनं काय केलंय?"

"तिनं काय न्हाय केलं. म्हाईत हाय मला."

"मग?"

ते डाळिंबाला कागद गुंडाळत राहिले. आईचं सांगणं आठवत होतं, तरी माझा आवाज वर जायला लागला. तेवढ्यात धाकटी घरातून बाहेर आली. त्या दिवशी तिनं बाह्या दुमडलेल्या होत्या.

"तात्या, मला तक्रार द्यायचीया."

"गावात बोभाटा हुईल."

"स्टँडावर शंभर मानसांनी बगितलंय. एकीनं मोबाईलमदी घेतलंय. अजून कसला बोभाटा व्हायचा ऱ्हायलाय?"

तात्यांनी हातातलं डाळिंब क्रेटमध्ये ठेवलं. खूप वेळ मुलीच्या मनगटाकडे बघत राहिले. मी तो चेहरा विसरणार नाही. नंतर उठले, आत गेले आणि धुतलेला सदरा घालून बाहेर आले. "चला," एवढंच म्हणाले.

ठाण्यात एक महिला हवालदार होत्या, माझ्याच वयाच्या. मी लढायच्या तयारीनं गेले होते, कारण त्या विचारणार, तो तुझा कोण, तू हसली होतीस का, फोन नंबर दिला होतास का. त्यांनी धाकटीला समोर बसवलं आणि विचारलं, "तू नको म्हणाली होतीस?"

"व्हय. तीनदा."

"मोठ्यानं?"

"त्याला ऐकू जाईल एवढ्यानं."

"मग झालं. सांग पहिल्यापासून, मी लिहून घेते." मग मनगटाचे फोटो काढायला लावले आणि दवाखान्याची चिठ्ठी दिली. तासाभरात काम झालं. बाहेर आल्यावर तात्या कठड्यावर बसले आणि रुमालानं तोंड पुसत राहिले.

पुढच्या आठवड्यात धाकटी कामावर आली. आणि तो पण आला. सकाळी आठला, उपाशीपोटी तपासणीला आलेली वीसेक माणसं बाकांवर बसलेली असताना, हातात लाल गुलाबांचा भला मोठा गुच्छ घेऊन तो मधोमध गुडघ्यावर बसला. बरोबर एक मित्र, मोबाईल धरून. तो रडतही होता. खरं रडत होता की काय, मला ठाऊक नाही. "चुकलो मी," म्हणाला. "पण माझ्या प्रेमात खोट नव्हती. तक्रार मागं घे. एकदा माफ कर म्हण, नाहीतर मी इथून उठणार नाही."

बाकावरच्या एक मावशी पाघळल्या. "माफ कर की गं बाई, केवढा गुडघ्यावर आलाय!" दुसऱ्या कुणीतरी हुंकार भरला. मॅडम डोळे पुसत होत्या. अगदी खरे अश्रू. पंधराव्या भागात येतात तसे.

मी आतून तिरमिरीत निघाले, पण धाकटी माझ्याआधी पोचली. तिच्या हातांत रबरी हातमोजे होते. ती त्याच्यापासून चार हात लांब उभी राहिली.

"मी तुमाला आदीच सांगितलंय. परत परत सांगनार न्हाय. उठा. पेशंटला जायाला वाट द्या."

तो उठला नाही. "मी थांबतो," म्हणाला. "कितीही वेळ."

तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मित्राला म्हणाले, मोबाईल खाली घे. तो हसला. मी तिथूनच हवालदार बाईंना, ठाण्यात त्यांनी दिलेल्या नंबरवर, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी त्याचं नाव घेऊन एवढंच विचारलं, "तक्रार झालीय तरी तिच्या कामाच्या जागी काय करतोयस? मी येऊ का?" तो अडखळत उठला. गुच्छ तिथेच टाकून गेला. मावशी पुटपुटल्या, "लय कडू हाय पोरगी." मी त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "मावशी, तुमची नात असती तर?" त्या म्हणाल्या, "माझ्या नातीला कुठलं एवढं नशीब!" मी त्यांचं रक्त काढलं. विचारून काढलं.

प्रकरण पुढे फार वाढलं नाही. पोरगा पुन्हा तिच्या वाटेला जाणार नाही, असं त्याच्या वडिलांनी ठाण्यात येऊन लिहून दिलं, त्यानंतर ती पांढरी गाडी गेटाशी दिसली नाही. त्याची आई आता दुसऱ्या लॅबमध्ये जाते. चिखलात पडलेले दाखले धाकटीला नव्यानं काढावे लागले. या वेळी तात्या बरोबर गेले. प्रवेश मिळाला. सकाळी आमच्याकडे काम, दुपारी कॉलेज असं तिचं चाललंय.

एवढं सगळं होऊनही ती सिरीयली बघते. मी तिच्यावरही चिडले. "अजून बघवतं तुला?" तर म्हणते, "त्यात मानसं जेवताना एकमेकांच्या ताटात वाढत्यात ना ताई, ते मला लय आवडतं. हात धरला की मी पुढं पळवती." मला ते जमत नाही.

ग्रुपवर मी दुसरा आवाज टाकला. आधीचं माझं बोलणं चुकीचं होतं, असं सरळ म्हणाले. कुणाचं नाव न घेता काय घडलं ते सांगितलं. या वेळी बदाम आले नाहीत. एकीनं लिहिलं, "सिरीयल आहे ओ ताई, एवढं काय मनावर घ्यायचं?" दुसरी म्हणाली, "तुमचं लग्न टिकलं नाही म्हणून प्रेमावर राग काढू नका." ग्रुप चालवणारीनं सूचना टाकली की इथे फक्त सिरीयलींबद्दल बोलावं. मी सिरीयलींबद्दलच बोलत होते! तीन दिवस भांडले. पोळ्या लाटताना, एसटीत, सिरिंजला सुया लावताना, जिथे जमेल तिथे टाइप करत भांडले. मग मला काढून टाकलं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ग्रुपमधलीच एक, इंदापूरची. पहिल्या वेळी "अगदी मनातलं बोललात" असं लिहिणारी. तिनं लिहिलं होतं, "माझ्या मिस्टरांनी मला असंच भर बाजारात हात धरून विचारलं होतं. सगळे बघत होते म्हणून मी हो म्हणाले. अकरा वर्षं झाली. मी सगळ्यांना आमचं लव्ह मॅरेज आहे असंच सांगते. तुमचा दुसरा आवाज मी चार वेळा ऐकला."

मी लॅबच्या पायऱ्यांवर बसून ते वाचलं. कितीदा उत्तर लिहिलं, कितीदा पुसलं. शेवटी विचारलं, "फोन करू का?"

उत्तर आलं, "आत्ता घरात सगळे आहेत. उद्या अकराला करा."

दुसऱ्या दिवशी अकराला धाकटीला माझ्या खुर्चीवर बसवून मी बाहेर गेले आणि नंबर लावला.